चोरीला गेलेलं अहिराणी चॅनेल

ती घटना इतक्या वर्षांनीही जशीच्या तशी आठवते, आणि आठवली नसती तर बरं झालं असतं, असंही वाटतं. सिल्वासात मी नोकरीची बरीच वर्षं काढली. खून पाहिले, दारूच्या गाड्या पकडल्या, कारखान्यांतून तांब्याची तार पळवणाऱ्या टोळ्या आत टाकल्या. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी माझ्या कामगिरीची यादी वाचली, तीत ही केसही होती. गुन्हा उघडकीस, आरोपी अटकेत, दोषारोपपत्र मुदतीत. टाळ्या वाजल्या. मी खाली बघत होतो.

नावं कुणाचीच देत नाही. तक्रारदार अजून सिल्वासातल्याच आमलीत राहतो आणि त्याला पुन्हा चव्हाट्यावर आणायचं मला कारण नाही.

लग्नसराई सुरू व्हायच्या आधीचे दिवस होते. सकाळची हजेरी आटोपून मी खुर्चीत बसतो न बसतो तोच ठाणे अंमलदार म्हणाला, "साहेब, एक जण केव्हाचा बसलाय. म्हणतो, बायकोचा आवाज चोरीला गेलाय." बाहेर दोघे-तिघे हसले. मीही हसलो, खोटं कशाला सांगू?

तो पस्तिशीचा असेल. शिरपूरकडचा, राखोलीच्या एका सूत कारखान्यात मशीन चालवणारा. पाळी संपवून थेट आला होता, भुवयांवर सुताचे बारीक तंतू अजून तसेच होते. हातात फोन, पण दोन्ही हातांनी धरलेला, देवळात नारळ धरतात तसा.

"मनी बायको गयी, साहेब. दीड वरीस झालं," तो म्हणाला. "तिनी गायेल गाणी एक डीजेवाला वापरू राहिला. खाली ढोल टाकला, वर कोनत्या तरी नाचनारीचं चित्र. मेलेल्या बाईच्या आवाजावर लोकं नाचू राहिले."

मी फोन घेतला. गाणं लावलं. अर्धं मिनिट ऐकलं असेल, तेवढ्यात वायरलेसवर काहीतरी आलं आणि मी फोन परत दिला.

हळूहळू सगळं कळलं. त्याची बायको आमलीच्या चाळीत राहून अहिराणीतून गाणी म्हणायची आणि मोबाइलवर टाकायची. श्रावणात खानदेशातली माणसं कानबाई देवी बसवतात. इथे आलेली कुटुंबंही एका खोलीत जमून बसवतात, तेव्हा ओव्या हीच म्हणायची. हळदीची गाणी, जात्यावरची गाणी, मधेच सासू-सुनांच्या गमती. समोर मेथीची जुडी, ती निवडता निवडता बोलायची. तो फोन धरायचा. लोकांनी लिहून कळवलं की उभं चित्र टीव्हीवर बारीक दिसतं, तेव्हापासून आडवा धरायला लागला. शेजारी कुकर लागायच्या आत, पंखा बंद करून, पाळ्या बदलायच्या मधल्या शांत अर्ध्या तासात सगळं उरकावं लागे. माईक नाही, दिवा नाही, कुणाचा पाठिंबा नाही. तरी सुरतेत, नाशकात, पुण्यात गेलेल्या खानदेशी बाया खाली लिहायच्या, 'माय, परत म्हन.' तिला टाइप करता येत नव्हतं. ती पुढच्या व्हिडिओत त्यांची नावं घेऊन तोंडी उत्तर द्यायची.

मग ती आजारी पडली आणि गेली. मागे मुलगी राहिली, आता दोन वर्षांची. आई गेली तेव्हा तर ती रांगत होती.

"मनी आंडेर आईला त्याच्यातच बघते, साहेब. फोटो दाखवला तं वळखत नाही. गाणं लावलं तं 'माय' म्हनते." आंडेर म्हणजे मुलगी, हे मला आमच्या हवालदारानं सांगितलं. "मोठी झाली का तिले आवाज तरी राहील, म्हनून मी जपी ठेवेल शे. त्या डीजेवाल्याचं समदं पुशी टाका."

आता आमची कामाची पद्धत सांगतो, कारण सगळं तिच्यावरच अडलं. अशा तक्रारीत दोन वाटा असतात. एक सरळ वाट: तक्रार नोंदवायची, समोरच्याचा फोन आणि कॉम्प्युटर पंचांसमक्ष जप्त करायचा, पंचनामा, सील, मुद्देमाल, प्रयोगशाळेला पत्र. यात महिने जातात, आणि ज्याच्यावर गुन्हा नोंदला त्याच्या नावाला कायमचा डाग लागतो. दुसरी वाट, जी देशभरातल्या ठाण्यांत रोज चालते: माणसाला बोलवायचं, दम द्यायचा, समोर डिलीट करायला लावायचं, 'समज देऊन सोडले' असं डायरीत लिहायचं आणि दोघांना चहा पाजून घरी पाठवायचं. साप मरावा आणि काठीही मोडू नये. मी या दुसऱ्या वाटेचा मोठा पुरस्कर्ता होतो.

डीजेवाला आमलीतलाच, लग्नात साऊंड लावणारा तरुण माणूस. ठाण्यात पाऊल टाकताच रडायला लागला. "गलती झाली साहेब. मला वाटलं जुनं गाणं आहे, कोणाचं नसतं." लोकांची ही समजूत मी पुढेही फार पाहिली. बाईनं ओट्यावर बसून म्हटलेलं गाणं कुणाचंच नसतं, आणि त्याखाली ढोल टाकला की ते टाकणाऱ्याचं होतं.

मी त्याला त्याचा कॉम्प्युटर ठाण्यात आणायला लावला. माझ्यासमोर त्यानं साइटवरून गाणी काढली. मग कॉम्प्युटरमधली, पेन ड्राइव्हमधली, फोनमधली. त्याला वाटलं संपलं. मी म्हणालो, "आणि कचऱ्याची टोपली कोण रिकामी करणार? तुझा बाप?" तो बघतच राहिला. साहेबाला रिसायकल बिन ठाऊक आहे याचं हवालदारालाही कौतुक वाटलं. मला तर वाटलंच. टोपली रिकामी झाली. तक्रारदारानं माझ्या पायाला हात लावायचा प्रयत्न केला, मी लावू दिला नाही. संध्याकाळी घरी जाऊन बायकोला मी अभिमानानं सांगितलं की आज एका गरिबाचं काम कागद न वाढवता केलं.

लग्नसराई संपत आली तेव्हा तो परत आला. या वेळी बाहेर कुणी हसलं नाही, कारण त्याचा चेहराच तसा होता. त्यानं फोन पुढे केला. चॅनेल तेच, पाहणाऱ्यांचा आकडा तोच, पण नाव बदललेलं. तिचा एकही व्हिडिओ नाही. त्या जागी गॉगल घातलेला कुणी इसम घरबसल्या खेळ खेळून श्रीमंत व्हायची युक्ती सांगत होता.

"पासवर्ड टाकला तं चुकीचा सांगते," तो म्हणाला. "समदी गयी, साहेब. एक बी नाही राहिली."

"तुझ्या फोनमधे मूळ व्हिडिओ असतील ना?"

त्यानं मान हलवली. फोनची जागा सारखी भरायची. म्हणून वर चढवलं की खालचं पुसायचं, हा नवरा-बायकोचा नियम होता. साइटवर आहे म्हणजे बँकेत आहे, अशी त्यांची खात्री. कारखान्यातला शिकलेला सुपरवायझरही तेच समजतो, त्याला काय बोलणार?

जबाब नोंदवून घेतला. आमच्याकडे जबाब कधी हिंदीत, कधी गुजरातीत लिहिला जाई. तो अर्धी अहिराणी, अर्धी मराठी बोलत होता आणि कागदावर उतरत होतं की अर्जदाराच्या खात्यातील व्हिडिओ अज्ञात इसमाने काढून टाकले. मुलीचा उल्लेख त्यात नव्हता. कायद्याला तिची गरज नव्हती.

माझा संशय अर्थातच डीजेवाल्यावर. सूड घेतला असणार. त्याला उचलून आणला आणि या वेळी नुसता दम दिला नाही. आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला. तो एकच सांगत राहिला, "आईची शपथ साहेब, मी त्या दिवसानंतर तिचं नावसुद्धा उघडलं नाही." चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा प्रकार चालला होता, पण ते मला कळायचं होतं.

बाहेरच्या बाकावर चारित्र्य पडताळणीच्या कामासाठी एक रिक्षावाला बसला होता. पाहुण्यांना वासोण्याची सिंह सफारी दाखवायला नेणारा, आणि तिथले व्हिडिओ टाकण्याचा नाद असलेला. आतला आरडाओरडा ऐकून तो दारात आला.

"साहेब, मध्ये बोलतो, माफ करा. माझाही चॅनेल मागच्या महिन्यात असाच गेला. सिंहाचे सगळे व्हिडिओ गेले. मी तर या डीजेला ओळखतही नाही."

"तक्रार का नाही दिलीस?"

"हसले असते ना साहेब."

त्याला आणि तक्रारदाराला समोरासमोर बसवलं. गाव वेगळं, काम वेगळं, ओळख नाही. तासभर विचारल्यावर एकच धागा जुळला: दोघांनी पहिला फोन एकाच दुकानातून घेतला होता. आमलीतलं छोटं मोबाइलचं दुकान, फोन घेतला की 'सेटिंग फ्री', म्हणजे खातंही दुकानदारच उघडून देणार.

दुकानदाराला मी बोलावलं ते चौकशीसाठी म्हणून नाही. डीजेवाल्याच्या वेळी आरडाओरड करून काय मिळालं ते मी पाहिलं होतं. त्याला खुर्ची दिली, चहा मागवला, हवालदाराचा नवा फोन त्याच्या हातात ठेवला आणि म्हणालो, "आमच्या हवालदाराला काही जमत नाही. याला नवीन आयडी काढून दे, दुकानात काढतोस तसा."

तो खूश झाला. पोलिसांशी सलगी कुणाला नको? भराभर बोटं चालायला लागली. हवालदाराचं नाव टाकलं, जन्मतारीख विचारली. मग पासवर्ड विसरल्यास कोणत्या नंबरवर कळवायचं, तो नंबर मागितला गेला. त्यानं वर न बघता नंबर टाकला. हवालदाराला विचारलं नाही.

मी त्याच्या मागेच उभा होतो. म्हणालो, "हा नंबर कुणाचा?"

बोट तिथेच थांबलं. चहा तसाच राहिला.

"साहेब, एमां मारो शुं वांक?" यात माझा काय दोष, असं तो गुजरातीत म्हणाला, मग हिंदीवर आला. "लेबर लोग का नंबर हर चार महीने में बदलता है। पासवर्ड भूल जाते हैं, फिर मेरे पास ही आते हैं। इसलिए दुकान का नंबर डालता था।"

यात तो खोटं बोलत नव्हता. सुरुवात अशीच झाली होती, सोयीसाठी. किल्ली हरवेल म्हणून शेजाऱ्याकडे ठेवावी, तशी शेकडो कामगारांची किल्ली त्याच्याकडे राहिली होती, आणि त्यांना ती आपण ठेवली आहे हेच ठाऊक नव्हतं. पुढे कुणीतरी त्याला सांगितलं की जुनी, भरपूर पाहणारे असलेली चॅनेलं विकत घेणारे लोक असतात. घेणाऱ्याला नुसते पाहणारे हवे असतात. आतला माल नको. मग त्याच नंबरावर पासवर्ड बदलून घेऊन यानं चॅनेलं विकायला सुरुवात केली.

"खाली करून द्यावं लागतं," तो आता माझ्याशी मराठी बोलायचा प्रयत्न करत होता. "मी एक एक व्हिडिओ काढला. पूर्ण दुपार गेली."

"काढताना बघितलेस?"

"नाही साहेब. आवाज बंद ठेवला होता. गिऱ्हाईक येत-जात होते ना."

नोकरीत मी आरोपीवर हात क्वचितच उचलला. त्या दिवशी खोलीबाहेर जाऊन उभा राहिलो, नाहीतर उचलला असता.

गुन्हा नोंदला. अटक झाली, कोठडी मिळाली, माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं लागली. विकत घेणारा कुठल्या राज्यात बसला होता ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण वरिष्ठांची शाबासकी आली. तक्रारदाराला मात्र आरोपीत रस नव्हता. रोज पाळी संपली की ठाण्यात येऊन एकच विचारायचा, "गाणी केव्हा येतीन, साहेब?"

कंपनीला रीतसर पत्रं पाठवली. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं. त्यांच्या दृष्टीनं खातेदारानं स्वतः, स्वतःच्या नोंदवलेल्या नंबरावरून साहित्य काढून टाकलं होतं आणि मुदतीनंतर ते परत मिळत नाही. तक्रारदाराचा फोन प्रयोगशाळेत पाठवला, तिथेही काही निघालं नाही. इतक्या वेळा पुसून भरलेला फोन, त्यात काय उरणार?

हे सांगायला मी त्याला बोलावलं. तो उठून दारापर्यंत गेला. मग त्याला काहीतरी सुचलं आणि चेहरा एकदम उजळला.

"साहेब, त्या डीजेवाल्यानी तं समदी उतरवी घेयेल व्हती ना! त्याच्याजवळ असतीन!"

हे म्हणता म्हणताच त्याला आठवलं. मलाही त्याच क्षणी आठवलं. याच टेबलासमोर ती टोपली रिकामी झाली होती.

मी स्वतः जीपनं डीजेवाल्याकडे गेलो. त्याला ओरडलो होतो त्याबद्दल आधी दोन शब्द बोललो, मग विचारलं. तो घाबरत घाबरत म्हणाला, "साहेब, साठ-सत्तर गाणी होती. ढोल टाकलेली वेगळी आणि मूळची साधी वेगळी ठेवली होती. पण तुमच्यासमोरच तर सगळं साफ केलं. टोपलीसुद्धा."

"कुठे कॉपी? कुणाला दिलेली?"

"तुम्ही म्हणालात ना, एकही कुठे सापडली तर आत टाकीन. ज्यांना दिली होती त्यांनाही सांगून काढायला लावली." म्हणजे मी इतका चोख बंदोबस्त केला होता.

आता मी सरळ वाटेनं गेलो. पंच बोलावले, पंचनामा केला, कॉम्प्युटर सील केला, स्वतः पत्र घेऊन माणूस प्रयोगशाळेत पाठवला. बूंद से गयी वो हौद से नहीं आती. मधे अख्खी लग्नसराई त्या कॉम्प्युटरवर गेली होती, शेकडो नवी गाणी त्याच जागेवर लिहिली गेली होती. तज्ज्ञांनी खूप खटपट करून काही तुकडे काढले. चित्रांचे तुकडे. अर्धा चेहरा, मेथी निवडणारे हात, भिंतीवरचं कॅलेंडर. आवाज एकाही तुकड्यात नव्हता.

पहिल्या दिवशी मी तो कॉम्प्युटर जप्त केला असता तर साठ-सत्तर गाणी सीलबंद होऊन मुद्देमाल खोलीत पडली असती. वर्षभर धूळ खाल्ली असती, पण असती. दुकानदारानं चॅनेलवरची प्रत पुसली. जगातली दुसरी प्रत मी पुसवली, खुर्चीत बसून, दम देऊन, स्वतःच्या हुशारीवर खूश होत. आरोपीनं निदान आवाज बंद ठेवला होता. मला तर तो ऐकायची सवड होती आणि मी ऐकला नाही.

त्याला हे मी स्पष्ट शब्दांत सांगितलं. खात्यात असं सांगायची रीत नाही, पण सांगितलं. "माझी चूक झाली. कायद्यानं वागलो असतो तर गाणी वाचली असती."

तो म्हणाला, "मीच बोललो व्हतो ना साहेब, समदं पुशी टाका." मग उठताना म्हणाला, "तुम्ही तं मनं भलंच करू राहिले व्हते." त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मला सोसलं असतं.

त्यानंतरच्या नोकरीत मी कुणालाही 'समोर डिलीट कर' म्हणालो नाही. हाताखालच्या माणसांनाही म्हणू दिलं नाही. आधी प्रत, मग पंचनामा, मग काय ते. ते वैतागायचे, साहेब म्हातारपणी कागदी झाले म्हणायचे. जो कुणी व्हिडिओ करणारा तक्रार घेऊन यायचा, मग तो स्वयंपाकाचे करो की सिंहाचे, त्याला मी तक्रार लिहायच्या आधी विचारायचो: मूळ व्हिडिओ घरी आहे का, किल्ली तुझ्याच हातात आहे का? बहुतेकांची दोन्ही उत्तरं नाही अशीच असायची. ही माणसं एकटी असतात. त्यांच्यामागे स्टुडिओ नसतो, वकील नसतो, नोंद ठेवणारा कारकून नसतो. त्यांचं सगळं काम दुसऱ्याच्या घरात ठेवलेलं असतं आणि ते त्याला आपलं घर समजतात. ठाण्यात आल्यावर तरी कुणीतरी त्यांचं म्हणणं चार मिनिटं नीट ऐकावं, एवढं मी शिकलो. फार उशिरा शिकलो.

गेल्या वर्षी आमलीच्या बाजारात भाजी घेताना तो भेटला. केस पिकलेले, बरोबर नऊ-दहा वर्षांची मुलगी. मी निवृत्त झालो हे त्याला ठाऊक होतं. "हे ते साहेब," त्यानं मुलीला सांगितलं. घरात माझा विषय निघत असावा. मुलीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. इंग्रजी शाळेत जाणारी, बोलणं हिंदी-मराठी मिसळलेलं.

"अंकल, तुम्ही माझ्या आईचं गाणं ऐकलं होतं ना? पप्पा बोलले, तुम्ही पोलीस स्टेशनमध्ये ऐकलं होतं."

मी हो म्हणालो.

"कसा होता आवाज?"

मला वीस वर्षांपूर्वीच्या गाड्यांचे नंबर पाठ आहेत. पहिल्या खुनातल्या आरोपीचा शर्ट कोणत्या रंगाचा होता ते मी झोपेतही सांगेन. ते अर्धं मिनिट मी कितीदा आठवायचा प्रयत्न केला आहे, देव जाणे. मला वायरलेसवर काय निरोप आला होता ते आठवतं. गाणं आठवत नाही.

"गोड होता," मी म्हणालो.

तिनं बापाकडची भाजीची पिशवी घेतली. मग बापाचा हात धरून चालू लागली. जाताना म्हणाली, "सगळे तेच बोलतात."